दसऱ्याच्या दुपारचा भोंगा

मोहोळला येऊन राहिल्यापासून मला एक खोड लागली आहे. आमचं घर स्टेशनाच्या अगदी पाठीशी. गाडी सुटली, की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जातो आणि इंजिनाचा धूर बघतो. लोटच्या लोट काळाकुट्ट धूर निघाला, की माझ्या तोंडून आपोआप जातं, "अरे गाढवा, किती भरतोस एकदम!" हे फायरमनला उद्देशून असतं. त्याला ऐकू जात नाही हे बरंच आहे. आमच्या घरातून मात्र लगेच उत्तर येतं, "अवं, तुमी सुटलाय की त्यातनं. लावा ती खिडकी, समदं घर काळं हुतंय."

सुटलो हे खरं. सोलापूरच्या एका गिरणीत बॉयलरवर माझी सगळी उमेद गेली. आधी कोळसा ओढला, मग भट्टीवर फायरमन झालो आणि शेवटची काही वर्षं बॉयलरघर माझ्याच ताब्यात होतं. आता छाती साथ देत नाही, म्हणून मुलाजवळ येऊन राहिलो आहे. तो इथे रेल्वेत आहे. या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की सोलापूरच्या तीस सालच्या, मार्शल लॉच्या दिवसांबद्दल लिहा, तुम्ही तेव्हा तिथेच होतात. होतो. पण त्या दिवसांवर लिहायला माझ्याहून जाणती माणसं आहेत, आणि ज्यांनी सोसलं त्यांनीच ते लिहावं. मला विचाराल तर माझ्या मनात रुतून बसलेलं साल आहे सव्वीस. त्या साली आमच्या सोलापुरात सांगण्यासारखं काही घडलं नाही. जे घडलं ते विलायतेतल्या वेल्समध्ये घडलं, आणि तो मुलूख मी नकाशावरसुद्धा धड पाहिलेला नाही.

आधी आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बॉयलर म्हणजे आडवं पडलेलं लोखंडाचं अजस्र पिंप. त्याच्या पोटातून दोन जाड नळ आरपार गेलेले असतात आणि त्या नळांच्या तोंडाशी दोन भट्ट्या. भोवती सगळं पाणी. भट्टीत कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ इंजिन फिरवते आणि इंजिन सगळी गिरणी फिरवतं. मागावर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं आपण कापड विणतो. विणतो हे खरंच, पण आम्ही खाली दोन घटका हात आखडला तर त्याचा धोटा जागच्या जागी उभा राहील.

लोकांना वाटतं, कोळसा टाकायला काय लागतं, फावडं उचललं की झालं. तसं नाही. भट्टीतली आग भाकरीसारखी थापावी लागते, सगळीकडे एकसारखी. कुठे ढीग होता कामा नये आणि कुठे भोक पडता कामा नये. एका भट्टीचं दार उघडायचं, भराभर पसरून टाकायचं, दार लावायचं, आणि तिची आग उजळली की मगच दुसरीचं दार उघडायचं. दोन्ही एकदम भरल्या तर आग दबते, चिमणीतून काळा धूर निघतो, वाफ पडते आणि वरून मागखात्याचा जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, शिव्या घालत खाली येतो. आमचा कोळसा निजामाच्या मुलखातून वॅगनींनी यायचा. त्याला नावं ठेवू नयेत, त्यानं आमची पोटं भरली. पण धूर लई.

हे सगळं मला शिकवलं रीस साहेबांनी. ते गिरणीचे इंजिनियर. उंचीनं बेताचे, मान आखूड, खांदे हमालासारखे. बाकीचे गोरे साहेब बॉयलरघरात आले तर नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. हे कोट खुंटीला अडकवून फावडं हातात घ्यायचे. मराठी ते आमच्याकडूनच शिकले, त्यामुळे बोलायचेही आमच्यासारखंच. ऑफिसातले पुण्याहून आलेले हेडक्लार्क त्यांचं मराठी ऐकून तोंड फिरवून हसायचे. साहेबांना त्याची फिकीर नव्हती. चिडायचे ते एकाच गोष्टीला. कुणी त्यांना इंग्रज म्हटलं की त्यांचा पारा चढायचा.

"म्या इंग्लिश न्हाय," ते म्हणायचे. "म्या वेल्सचा."

आम्ही मान हलवायचो. आमच्या लेखी गोरा तो इंग्रज. फरक कळला तो एका अपघातानं.

बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. फायरमनचा अर्धा जीव त्या काचेत अडकलेला असतो, कारण पाणी खाली उतरून नळ उघडे पडले तर ते पिंप फुटतं, आणि फुटलं तर बॉयलरघरातलं माणूस ओळखूही येत नाही. ती काच कधीकधी आपणहून तडकते. एका सकाळी तडकली. ढगासारखी वाफ आणि उकळतं पाणी फवाऱ्यानं बाहेर यायला लागलं. आम्ही सगळे मागे पळालो. साहेब पुढे गेले. डोक्यावरची टोपी हातावर ओढून त्यांनी त्या वाफेत हात घातला आणि खालवरच्या दोन्ही तोट्या चाचपून बंद केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तेव्हा ते ओरडले, आणि ते जे काही ओरडले ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

शिवलिंगप्पा माझ्या जोडीचा फायरमन, अक्कलकोटकडचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. साहेबांना दवाखान्यात नेल्यावर तो मला म्हणाला, "नारायणा, ही इंग्लिश न्हवं. इंग्लिश शिव्या मला समद्या ठावं हायती. ह्ये दुसरंच हाय. भाजल्यावर मानूस आईच्या भाषेतच वरडतंय. माझ्या तोंडातनं बी कन्नडच निघतंय की."

हात गळ्यात बांधून साहेब परत आले तेव्हा आम्ही त्यांना विचारलं. ते इतके हसले, की दुखऱ्या हाताची कळ येऊन खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलखाची भाषा वेगळी, गाणी वेगळी, देवळातली प्रार्थना वेगळी. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी शाळेत कुणी घरची भाषा बोललं, तर मास्तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. ते ऐकून शिवलिंगप्पानं स्वतःच्या हातावरचा एक जुना वण दाखवला. मराठी शाळेत कन्नड बोलल्याबद्दल मास्तरांनी दिलेल्या छडीचा होता तो. साहेबांनी तो निरखून पाहिला. त्या दिवसानंतर त्यांना इंग्रज म्हणणाऱ्याला शिवलिंगप्पाच डोळे वटारायला लागला.

साहेबांच्या खोलीची खिडकी बॉयलरघरात उघडायची. तिथे टेबलावर एक कोळसा ठेवलेला असायचा. नारळाएवढा, आणि असा चकचकीत, की आपलं तोंड दिसेल. ज्या माणसाच्या दाराशी कोळशाचे डोंगर पडलेले, तो टेबलावर एक कोळसा जपून ठेवतो याचं आम्हाला फार नवल वाटायचं. रोज सकाळी आल्यावर साहेब टोपी काढून ठेवायचे आणि त्याच्यावरून एकदा बोटं फिरवायचे. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं होतं, की हा त्यांचा कुळदेव.

एकदा मी धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, "देव न्हाय, नारायेन. बाचा कोळसा हाय."

त्यांचे वडील खाणीत. आजाही खाणीत. साहेब हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा वडिलांनी आपल्या हातानं फोडलेला हा कोळसा त्यांना दिला. त्यांच्या घरात आईची चूल कधी विझत नसे. रात्री निखारे राखेखाली दाबून ठेवायचे आणि सकाळी खाणीचा भोंगा झाला की फुंकून पेटवायचे. वडील म्हणाले होते, हा सांभाळ. परत येशील तेव्हा आईच्या चुलीत आपल्या हातानं टाक, म्हणजे तू आलास असं मी समजेन. साहेब निघून आले. मग मोठं युद्ध झालं, वाटा बंद झाल्या, आणि वडील कोळशाच्या धुळीनं छाती भरून वारले. आई होती. तेव्हापासून साहेबांचं एकच ठरलेलं होतं, की एकदा घरी जायचं आणि तो कोळसा तिच्या चुलीत टाकायचा. हे सांगताना त्यांचा आवाज एवढा उतरला, की भट्टीच्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

सव्वीस सालच्या उन्हाळ्यात ते जाणार होते. रजा मंजूर झाली होती, बोट ठरली होती. माझ्या बायकोनं त्यांच्या आईसाठी म्हणून शेंगांची चटणी करून दिली होती. ती म्हातारी एवढं तिखट कसं खाणार होती ते देवाला ठाऊक. आणि मे महिन्यात बातमी आली, की तिकडच्या खाणी बंद पडल्या. मालक म्हणाले, मजुरी कमी घ्या आणि तास वाढवा. मजूर नाही म्हणाले, तेव्हा मालकांनी खाणींचे दरवाजेच लावून घेतले. इतर कामगारही पाठीशी उभे राहिले, पण थोडेच दिवस. ते कामावर गेले आणि खाणकरी एकटे पडले. साहेबांचा धाकटा भाऊ त्यात होता. बहिणीचा नवरा होता. अख्खं गाव त्यात होतं.

साहेबांनी बोट रद्द केली. प्रवासाला राखून ठेवलेला पैसा त्यांनी गावच्या मुदपाकखान्याला पाठवून दिला. तिथे देवळाच्या मागच्या खोलीत पोरांना एक वेळ जेवू घालत होते. हे आम्हाला त्यांच्या बटलरकडून कळलं. मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र दुपारी यायचं, ते घेऊन साहेब बॉयलरघराच्या पायरीवर बसायचे, वाचायचे, आणि मग आम्हाला आपल्या मराठीत सांगायचे. आम्ही जेवता जेवता ऐकायचो. महिने जात राहिले तसा तो संप आम्हाला आमच्याच गल्लीतला वाटायला लागला. ज्वारीचा भाव काय, यापेक्षा वेल्समध्ये आज काय झालं याची आम्हाला जास्त काळजी.

कोळशाच्या आवाराचे मुकादम रसूलभाई. पांढरी दाढी, जीभ तिखट. त्यांनी एके दुपारी सरळच विचारलं, "साब, तुमचा भाई हडताल में हाय, तुमी उसको पैसा भेजते. अच्छा है. पर कल को आमी हडताल किया, तो तुमी क्या करेंगे?"

आमचे घास हातातच राहिले. साहेब गिरणीचे नोकर, मालकाच्या बाजूचे. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आग राखेखाली दाबून ठेवीन, रसूल. आन् तिच्याजवळ बसून ऱ्हाईन. इझू देनार न्हाय, आन् वाढवनार बी न्हाय."

रसूलभाईंनी मान डोलावली. हे उत्तर पुरेसं होतं की नव्हतं यावर आमच्यात नंतर पुष्कळ वाद झाले. मला अजूनही सांगता येत नाही.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. बॉयलर धुऊनपुसून लख्ख करायचा, फावडी, आकडे, पाने ओळीनं मांडायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. पूजा झाली की बॉयलर पेटवायचा आणि तो हळूहळू तापवत न्यायचा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, वाफ चढली की मानाचं फावडं. पहिला मान साहेबांचा. ते भट्टीत एक फावडं कोळसा टाकायचे, आम्ही त्यांना हार घालायचो, आणि मग सगळे घरी जायचे. गिरणी त्या दिवशी बंद.

त्या वर्षी शिवलिंगप्पानं पूजेत साहेबांचा कोळसाही मांडला. साहेबांना विचारूनच. ते म्हणाले, ठेव. त्याला भस्माची तीन बोटं ओढली, हळदकुंकू, फूल वाहिलं, आणि पूजा झाल्यावर पुन्हा नेऊन टेबलावर ठेवला. साहेब उभे होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बहिणीचं पत्र आलं होतं. ते सरळ आम्हाला म्हणाले, "माझी आई थंडीत हाय. खाणीकडनं घरला मिळनारा कोळसा बंद केलाय. कोळशाच्या डोंगरावर तिचं घर हाय, आन् तिची चूल इझली. मला कळतं तवापासनं पयल्यांदा इझली."

एवढं बोलून ते बंगल्यावर गेले. पूजेचा प्रसाद तसाच त्यांच्या टेबलावर राहिला.

दसऱ्याला दुपार झाली तरी साहेब आले नाहीत. वाफ चढत होती. मी बॉयलरच्या माथ्यावर जाऊन सेफ्टीची झडप मोकळी आहे की नाही ते तपासत होतो. खाली भट्टीचं दार उघडल्याचा आवाज झाला. वाकून पाहिलं तर शिवलिंगप्पा अनवाणी उभा, डोळे मिटलेले, हात जोडलेले. त्याच्या पुढ्यातली भट्टी पांढरी फटक पेटलेली. त्यानं दार लावलं. मी उतरून खाली आलो. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलावर कोळसा नव्हता. त्या जागी हळदीकुंकवाचा गोल डाग तेवढा होता.

मी तसाच भट्टीकडे धावलो. "शिवलिंगप्पा, काय केलंस रे हे?"

तो शांतपणे म्हणाला, "चुलीतच टाकायचा व्हता की त्यो. ती चूल इझली. मग ह्यो कवा जळायचा, आन् ती म्हातारी कवर वाट बघायची? अग्नी काय दोन असत्यात व्हय? हितला आन् तितला येकच. हितं वाहिलं तर तितं पोचतंय. देवाला पोचतंय, पितरांस्नी पोचतंय, मग आईला न्हाय पोचायचं?"

आम्ही आयुष्यभर होमात तूप ओतलं ते याच भरवशावर ना. पण मला साहेबांचा तो उतरलेला आवाज आठवत होता. आईच्या चुलीत, आपल्या हातानं. त्यातलं काहीच आता होणार नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले. सणाचा पांढरा सूट घातला होता, दाढी केली होती. आमच्यासाठी स्वतःला ओढून आणलं होतं हे दिसतच होतं. ते खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

मी सांगायला लागलो तर शिवलिंगप्पानं मला हातानं थांबवलं. त्यानंच सांगितलं, जे मला सांगितलं होतं तेच, शब्द न बदलता. साहेब ऐकत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मारील. मारलं असतं तरी आम्ही कुणी काही म्हणालो नसतो.

त्यांनी भट्टीचं दार उघडलं. आत पाहत राहिले. त्या आगीत आता काय दिसणार? सगळी आग एकच झाली होती. मग आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "धूर झाला?"

मी माथ्यावरच्या झरोक्यातून चिमणी पाहिली होती. म्हणालो, "न्हाई साहेब. अजिबात न्हाई."

"जाळ?"

शिवलिंगप्पा म्हणाला, "आखूड. पांढरा. आवाज बी न्हाय."

"व्हय," साहेब म्हणाले. "तसाच जळतोय आमचा."

त्यांनी दार लावलं आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं. काटा भरत आला होता. "ह्या वाफेत बा हाय माझा," ते म्हणाले. मग ते चालत भोंग्याच्या साखळीशी गेले. "आमच्या गावचा भोंगा मे महिन्यापासनं गप हाय. आई भोंग्यावर चूल फुंकायची."

आणि त्यांनी साखळी ओढली.

सोलापूरच्या माणसाला गिरणीचा भोंगा काय असतो ते सांगायला नको. त्यावर शहर उठतं, जेवतं, झोपतं. पण दसऱ्याच्या भर दुपारी, गिरणी बंद असताना, तो कधी वाजला नव्हता. साहेबांनी साखळी धरून ठेवली. आवाज छतावरून, चिमणीवरून, सगळ्या पेठांवरून गेला आणि थांबेचना. ते रडत होते का? मला दिसलं नाही, त्यांची पाठ होती. मीच रडत होतो.

थोड्या वेळात फाटकाशी ही गर्दी. आग लागली, बॉयलर फुटला, काय झालं म्हणून माणसं धावत आली होती. कुणी नव्या धोतरात, कुणी अर्धवट जेवून उठलेलं, साळवाड्यातल्या विणकरांच्या बायका तेलुगूत ओरडत पोरांना शोधत होत्या. रसूलभाईंनी फाटक उघडलं आणि तेच घाबरून विचारायला लागले, "आग लगी क्या? कोई मरा क्या?"

साहेब बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. शिवलिंगप्पा पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काय झालं न्हाय. साहेबांच्या घरची चूल पेटली."

लोकांना काय कळलं कोण जाणे. साहेबांचं गाव संपात आहे हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग गर्दीतून सूतखात्यातली एक म्हातारी पुढे आली. तिच्या ओच्यात संध्याकाळसाठी आणलेली आपट्याची पानं होती. तिनं दोन पानं साहेबांच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, सायेब. सोन्यावानी ऱ्हावा." मग एकेक करून सगळेच पुढे आले. साहेबांचे खिसे भरले, टोपी भरली, आणि ते दोन्ही हातांत पानं घेऊन उभे राहिले. भोंगा कुणाच्या हुकमानं वाजला याची मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी चौकशी केली. साहेब म्हणाले, पूजेनंतर वाफेची परीक्षा घ्यावी लागते.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि तिकडचा संप मोडला. खाणकरी हरले. कमी मजुरीवर, जास्त तासांवर परत गेले, आणि साहेबांच्या भावाला तर परत घेतलंच नाही. साहेबांनी आम्हाला पायरीवर बसून एवढंच सांगितलं, "हरले." आम्ही सगळ्यांनी आपापले डबे बांधले आणि कामाला लागलो.

पुढच्या साली ते घरी गेले. निघायच्या आधी ते रसूलभाईंकडे आले आणि म्हणाले, "तुमच्यातला येक द्या." रसूलभाईंनी आख्खं आवार पालथं घातलं. त्यातल्या त्यात चांगला, चमकदार असा एक कोळसा निवडला, धुतला आणि सोलापुरी टॉवेलात बांधला. शिवलिंगप्पानं भस्म लावलं. मी म्हणालो, "साहेब, हा धूर लई करतो." साहेब म्हणाले, "म्हाईत हाय की."

ते परत आले तेव्हा मी पहिलं त्या कोळशाचंच विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून मला समोर बसवलं. गोऱ्या साहेबानं फायरमनला खुर्ची दिलेली त्या गिरणीत कुणी पाहिली नव्हती, म्हणून दार लोटून घेतलं.

आई फार म्हातारी झाली होती, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. चूल पुन्हा पेटली होती. साहेबांनी टॉवेल सोडला आणि कोळसा आपल्या हातानं त्या चुलीत ठेवला. आईनं विचारलं, हा तुझ्या बाचा का? साहेबांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात आमच्या कोळशानं आपला गुण दाखवला. घरभर धूर झाला. आईला ठसका लागला आणि ती हसायला लागली. म्हणाली, हा आपल्या डोंगरातला नाही. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पूजा, शिवलिंगप्पा, भोंगा, आपट्याची पानं. तिनं शिवलिंगप्पाचं नाव तीनदा विचारून घेतलं आणि तीनदाही तिला ते म्हणता आलं नाही. धूर काही थांबेना. बहीण खोकत उठली आणि खिडकी उघडायला गेली. आईनं तिला हाक मारून थांबवलं. म्हणाली, "राहू दे. लांबून आलाय."

मी ते बाहेर येऊन शिवलिंगप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "मग? म्या म्हनलंच व्हतं. पोचतंय." आणि फावडं उचललं.

पुढे आई गेली. खाणही बंद पडली, पोटासाठी गाव उठून इंग्लंडच्या शहरांत गेलं. साहेब नोकरीतून मोकळे झाले तेव्हा ते बहिणीकडे गेले, पण ती आता अशा गावात, जिथे त्यांची भाषा कुणी बोलत नाही. सोलापूरच्या स्टेशनावर मला म्हणाले, "नारायेन, मला आता गाव न्हाय. असलं तर ह्येच." गाडी हलली. इंजिनानं काळा धूर सोडला, आणि साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून फायरमनच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडली. ती मराठीत होती.

शिवलिंगप्पा आता नाही. रसूलभाईही गेले. गिरणीत विजेवर सगळं चालवायचं घाटत आहे, असं ऐकतो. इथे मोहोळला भोंगा ऐकू येत नाही, तरी पहाटे त्या वेळेला मला जाग येते, आणि मी अंथरुणात पडून वाट बघतो. मला ते दिवस हवेत. ती धग, ती पायरी, त्या तोडक्यामोडक्या मराठीतल्या लांबच्या बातम्या, सगळं हवं आहे, आणि ते कुठल्याही गाडीनं येणार नाही.

आता हे लिहीत असतानाच सोलापूरकडून येणारी गाडी आली. उभी राहिली, सुटली, आणि धूर पाठीमागच्या आवारातून सरळ आमच्या खोलीत शिरला. आमची मंडळी पदर नाकाला लावून आली.

"लावू का खिडकी?"

"राहू दे," मी म्हणालो. "लांबून आलाय."